वाचकांचे प्रश्न : क्रोशाच्या पांघरुणाचे माप आणि टाक्यांचा हिशोब

थंडीची चाहूल लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत क्रोशाच्या पांघरुणांविषयीचे प्रश्न वाढतात, आणि त्यांतही नक्षीपेक्षा मापाची अडचण सांगणारी पत्रे अधिक असतात. या वेळी तीच पत्रे एकत्र घेतली आहेत. उत्तरांमध्ये ‘मुका खांब’ म्हणजे सुईवर आधी दोरा न गुंडाळता घातलेला आखूड टाका, आणि ‘खांब’ म्हणजे सुईवर एकदा दोरा गुंडाळून घातलेला उंच टाका, असा अर्थ समजावा.

प्रश्न : माझ्या मुलीला मार्गशीर्षात बाळ व्हायचे आहे. बाळासाठी साधे खांबांचे पांघरूण विणायला घेतले. ज्या व्हिडिओवरून विणते आहे त्यात १२३ साखळ्या घातल्या की १२१ खांब होतात आणि रुंदी ९० सेंटीमीटर भरते, असे सांगितले आहे. मी सांगितल्याप्रमाणेच केले, सुईही ५ मिलिमीटरचीच घेतली, तरी माझी रुंदी १०५ सेंटीमीटर भरली. वीस ओळी झाल्यावर हे लक्षात आले. माझे काय चुकले? मला तयार पांघरूण ९० बाय ११० सेंटीमीटरचे हवे आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपले विणण्यात काहीच चुकलेले नाही. व्हिडिओतील बाईंचा हात आपल्यापेक्षा घट्ट आहे, एवढाच याचा अर्थ. १२१ खांब ९० सेंटीमीटरमध्ये बसतात तेव्हा दर १० सेंटीमीटरला साडेतेराच्या आसपास खांब येतात, आणि तेच १२१ खांब १०५ सेंटीमीटर भरतात तेव्हा दर १० सेंटीमीटरला साडेअकरा येतात. लोकरीची जाडी, सुईची जाडी आणि हाताची ओढ या तिन्ही गोष्टी मिळून टाक्याची रुंदी ठरते. यांतल्या पहिल्या दोन दुकानातून सारख्या आणता येतात, तिसरी मात्र प्रत्येकीची स्वतःची असते. म्हणून साखळ्यांची संख्या दुसऱ्या कोणाकडून घेऊ नये, माप घ्यावे आणि संख्या आपल्या हातावरून काढावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्यासाठी आधी एक मापाचा तुकडा विणावा. पुस्तकांत बहुधा १० सेंटीमीटरचा चौकोन सांगितलेला असतो, पण पांघरुणासारख्या मोठ्या कामाला तो अपुरा पडतो असा माझा अनुभव आहे. तुकडा २५ सेंटीमीटरचा विणावा आणि त्याच्या मधल्या २० सेंटीमीटरमधले टाके मोजावेत, कारण कडेचे टाके नेहमी थोडे ताणलेले किंवा आक्रसलेले असतात. तुकडा धुऊन, सपाट पसरून वाळवावा आणि मगच मोजावा. सुती दोरा पहिल्या धुण्यात आटतो, तर ॲक्रिलिक लोकर धुतल्यावर थोडी सैल पडते. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री मात्र कधीही फिरवू नये, त्याने लोकर वितळून लुळी पडते आणि मग ते माप कोणत्याच कामाचे राहत नाही.

मोजताना तुकडा मांडीवर न घेता टेबलावर ठेवावा. एका खांबाच्या कडेला टाचणी उभी लावावी, मोजपट्टी न ताणता २० सेंटीमीटरवर दुसरी टाचणी लावावी आणि ओळीच्या माथ्यावर दिसणाऱ्या तिरप्या जोड-पाकळ्या एकेक करून मोजाव्यात. अशी एक पाकळ्यांची जोडी म्हणजे एक खांब. शेवटी अर्धाच खांब टाचणीच्या आत येत असेल, तर तो अर्धा म्हणूनच लिहावा. हा अर्धा टाका किती महाग पडतो ते पाहावे : १० सेंटीमीटरमध्ये साडेअकरा खांब बसत असताना आपण अकराच धरले, तर ९० सेंटीमीटरच्या हिशोबात साडेचार खांब कमी होतात आणि पांघरूण जवळजवळ ४ सेंटीमीटर अरुंद होते. मी स्वतः शिकत असताना भाचीच्या पांघरुणासाठी तुकडा गुडघ्यावर ताणून मोजला होता. पांघरूण ठरल्यापेक्षा १२ सेंटीमीटर अरुंद झाले आणि ते पुन्हा विणण्यात माझा महिना गेला. तेव्हापासून मी टाचण्यांवाचून मोजत नाही.

आता आपला हिशोब करू. आपल्या विणलेल्या वीस ओळी हाच आपला मापाचा तुकडा आहे, त्यामुळे नवा विणण्याची गरज नाही, एवढे समाधान मानावे. आपल्या रुंदीवरून २० सेंटीमीटरमध्ये २३ खांब येतात. ओळींचे माप पत्रात नाही, पण एवढ्या सैल हाताला २० सेंटीमीटरमध्ये साधारण १३ ओळी बसतात असे धरते. आपण ते प्रत्यक्ष मोजून आकडा बदलून घ्यावा. तयार माप ९० बाय ११० हवे आहे आणि चारही बाजूंना अडीच सेंटीमीटरचा काठ येणार, तर मधले अंग ८५ बाय १०५ सेंटीमीटरचे विणायचे. काठ वजा करायचा राहून जातो, म्हणून तो सर्वांत आधी वजा करावा. रुंदीसाठी ८५ ला २० ने भागून २३ ने गुणले की ९७.७५ येतात, म्हणजे ९८ खांब घ्यावेत. लांबीसाठी १०५ ला २० ने भागून १३ ने गुणले की ६८.२५ येतात, म्हणजे ६८ ओळी.

९८ खांबांसाठी १०० साखळ्या घालाव्यात आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घालावा, म्हणजे सुटलेल्या तीन साखळ्यांचा एक खांब धरला जातो आणि उरलेल्या ९७ साखळ्यांत ९७ खांब येतात. काही जणी वळतानाच्या तीन साखळ्या खांब म्हणून मोजत नाहीत. त्यांनी १०१ साखळ्या घालाव्यात. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण एका पांघरुणात एकच रीत ठेवावी. रीत मध्येच बदलली की दर ओळीला एक खांब वाढतो किंवा गळतो आणि पांघरूण हळूहळू समलंब होत जाते. गळणारा टाका बहुधा ओळीच्या शेवटी असतो, मागच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर, जिथे सुई सहज जात नाही आणि म्हणून तो नजरेतून सुटतो. पहिल्या पाच ओळी प्रत्येक वेळी ९८ पर्यंत मोजाव्यात आणि दर वीस खांबांवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण बांधावी, म्हणजे पुढे फक्त खुणांमधले टाके पाहिले तरी पुरते.

आणखी एक गोष्ट साखळीची. पुष्कळ जणींची साखळी ओळींपेक्षा घट्ट असते आणि त्यामुळे पांघरुणाची खालची कड आत ओढलेली दिसते. साखळी अर्ध्या किंवा एका मिलिमीटरने जाड सुईवर घालावी आणि हिशोबापेक्षा पाच-सहा साखळ्या जास्तच घालाव्यात. मोजण्यात चूक झाली असेल तर जास्तीच्या साखळ्या सुरुवातीची गाठ सैल करून त्या टोकाने सोडवता येतात. कमी पडलेली साखळी वाढवण्यासाठी मात्र बहुधा सगळी ओळ उसवावी लागते.

प्रश्न : पांघरुणाला मुक्या खांबांचा काठ घालते तेव्हा वरची व खालची बाजू सपाट राहते, पण उभ्या बाजूंना कधी झालर येते, तर कधी कड आत ओढली जाते. उभ्या बाजूला ओळीमागे किती टाके घ्यावेत? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : याचे उत्तरही मापाच्या तुकड्यातच असते. वरच्या पत्रातलेच आकडे घेऊ. २० सेंटीमीटर रुंदीला २३ टाके लागतात, तर २० सेंटीमीटर उंचीच्या कडेलाही २३ च टाके हवेत, आणि तेवढ्या उंचीत १३ ओळी आहेत. म्हणजे ओळीमागे साधारण पावणेदोन टाके झाले. प्रत्यक्ष विणताना तीन ओळींच्या कडेला दोन-दोन आणि चौथ्या ओळीच्या कडेला एक असे सात टाके घ्यावेत आणि हेच पुढे चालू ठेवावे. ६८ ओळींना ११९ टाके होतात. प्रत्येक ओळीला सरसकट दोन घेतले असते तर १३६ झाले असते, आणि आपल्याला दिसणारी झालर म्हणजे ते जास्तीचे सतरा टाके. प्रत्येक कोपऱ्यातल्या एका टाक्यात तीन मुके खांब घालावेत, नाहीतर कोपरा मुडपतो.

प्रश्न : लहरींच्या नक्षीचे पांघरूण करायचे आहे. नमुन्यात ‘१४ च्या पटीत अधिक ३ साखळ्या’ असे लिहिले आहे. मला १४० सेंटीमीटर रुंदी हवी आहे. साखळ्या किती घालू? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : ‘१४ च्या पटीत अधिक ३’ याचा अर्थ असा, की एक लहर पूर्ण व्हायला १४ साखळ्या लागतात, आणि सगळ्या लहरींचा गुणाकार झाल्यावर वरच्या तीन साखळ्या एकदाच मिळवायच्या असतात. काही जणी प्रत्येक लहरीला सतरा साखळ्या धरतात आणि मग नक्षी जुळत नाही.

लहरींच्या बाबतीत टाके मोजून रुंदी काढू नये. उंचवट्यावर टाके वाढवलेले असतात, खोलगट भागात ते एकत्र घेऊन घटवलेले असतात, आणि प्रत्येक ओळ तिरकी चढत-उतरत जाते, त्यामुळे सपाट तुकड्यातले खांबांचे माप इथे लागू पडत नाही. दोन लहरींचा, म्हणजे ३१ साखळ्यांचा तुकडा आठ-दहा ओळी विणावा आणि एका उंचवट्याच्या टोकापासून दुसऱ्या उंचवट्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. समजा ते ९ सेंटीमीटर भरले. १४० ला ९ ने भागले की साडेपंधरा येतात. लहर अर्धी घेता येत नाही, तेव्हा पंधरा घेऊन १३५ सेंटीमीटर किंवा सोळा घेऊन १४४ सेंटीमीटर यांतून निवड करायची. पांघरूण अंगावर घ्यायचे असल्यामुळे मी सोळा घेईन. सोळा गुणिले १४ म्हणजे २२४, अधिक ३, एकूण २२७ साखळ्या.

ही साखळी टेबलावर ठेवली तर सुमारे १९० सेंटीमीटर भरेल आणि आपल्याला हिशोब चुकला असे वाटेल. ती तशीच राहू द्यावी. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत लहरी उभ्या राहू लागल्या की ती रुंदी आपोआप आत येते. शिंपल्यांच्या किंवा जाळीच्या नक्षीलाही हाच नियम लावावा, म्हणजे टाक्यांऐवजी एका नक्षीची रुंदी मोजावी.

प्रश्न : आम्ही आठ मैत्रिणी मिळून एका वृद्धाश्रमासाठी दुहेरी पलंगाचे पांघरूण करत आहोत. प्रत्येकीने सहा फेऱ्यांचे चौकोन विणले. एकच लोकर आणि एकच सुई असूनही कोणाचा चौकोन १३ सेंटीमीटर, तर कोणाचा १६ सेंटीमीटर भरतो. हे चौकोन जोडायचे कसे, आणि एकंदर किती लागतील? (वाचकांचा एक गट, डोंबिवली)

उत्तर : आपल्या गटाचे मनापासून अभिनंदन. अनेक हातांनी मिळून केलेले पांघरूण हे क्रोशाचे एक फार सुंदर रूप आहे. चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ रोजी ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने असंख्य स्त्रियांनी विणलेले भाग एकत्र जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण केले आणि ते जगातील सर्वांत मोठे म्हणून गिनीज बुकात नोंदवले गेले. अशा कामात प्रत्येक तुकड्याचे माप आधी ठरवून द्यावे लागते, आणि आपली अडचणही तिथेच आहे. आपण सर्वांना फेऱ्यांची संख्या सांगितली, पण माप सांगितले नाही.

दुहेरी पलंगाची एक नेहमीची गादी ७८ बाय ६० इंचांची, म्हणजे साधारण १९८ बाय १५२ सेंटीमीटरची असते. पांघरूण गादीवरून फार खाली सोडायचे नसेल तर रुंदीत १० आणि लांबीत १३ असे १३० चौकोन घ्यावेत. जोडासकट प्रत्येक चौकोनाला १५ सेंटीमीटर धरले की १५० बाय १९५ होतात, आणि अडीच सेंटीमीटरच्या काठाने ते १५५ बाय २०० पर्यंत जाते. मुक्या खांबांनी जोडताना प्रत्येक जोड साधारण अर्धा सेंटीमीटर जागा घेतो, म्हणून सुटा चौकोन साडेचौदा सेंटीमीटरचा असावा. हा अर्धा सेंटीमीटर सोडून दिला तर लांबीतल्या बारा जोडांत ६ सेंटीमीटरचा फरक पडतो. आठ जणींनी प्रत्येकी सोळा केले की १२८ होतात. उरलेले दोन, ज्यांचा हात भराभर चालतो त्यांनी करावेत.

आता लहान-मोठ्या चौकोनांचे पाहू. ज्यांचा चौकोन मोठा होतो त्यांनी एक फेरी कमी करावी, हा मोह टाळावा. तीन-तीन खांबांच्या झुपक्यांच्या चौकोनात पहिल्या फेरीत चार झुपके, दुसरीत आठ, असे करत सहाव्या फेरीत चोवीस झुपके येतात, म्हणजे प्रत्येक बाजूला सहा. जोडताना समोरासमोरच्या दोन कडांवर सहाला सहा झुपके यायला हवेत. पाच झुपक्यांची कड सहा झुपक्यांच्या कडेला जोडली की चुणी पडते आणि ती धुण्यानेही जात नाही. म्हणून फेऱ्या सर्वांच्या सहाच ठेवाव्यात आणि बदल सुईत करावा. ज्यांचा चौकोन १६ सेंटीमीटर भरतो त्यांनी साडेचार मिलिमीटरची सुई घ्यावी, तरीही मोठा झाला तर ४ मिलिमीटरची. ज्यांचा १३ भरतो त्यांनी साडेपाच किंवा ६ मिलिमीटरची घ्यावी. मुद्दाम घट्ट किंवा सैल विणायला कोणालाही सांगू नये, कारण तसे दोन-चार चौकोन निभावतात आणि नंतर हात आपल्या सवयीवर येतो. सहा फेऱ्यांच्या एका चौकोनात २५२ खांब असतात, आणि १३० चौकोनांचे ३२,७६० खांब होतात. एवढ्या कामात हात आपल्या मूळ वळणानेच चालू द्यायला हवा.

विणून झालेल्या चौकोनांपैकी अर्ध्या सेंटीमीटरच्या फरकाचे ठेवून द्यावेत. जाड पुठ्ठ्यावर साडेचौदा सेंटीमीटरचा चौकोन आखून, त्यावर ओलसर चौकोन टाचण्यांनी ताणून रात्रभर ठेवला की तेवढा फरक निघून जातो. १६ सेंटीमीटरचे मात्र उसवावेत. त्या मैत्रिणींना ते जड जाईल हे मला कळते, पण मोठा चौकोन चार लहानांच्या मध्ये बसवला की तो फुगून वर येतो, आणि पांघरूण पसरल्यावर नजर आधी तिथेच जाते.

प्रश्न : इथल्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात डबल क्रोशेचे पांघरूण होते. मी खांब घालून विणले, तर ते पुस्तकातल्या मापापेक्षा दुपटीहून अधिक लांब होऊ लागले. (एक वाचक, लीड्स)

उत्तर : आपल्या हातातले पुस्तक ब्रिटिश पद्धतीचे असणार. ब्रिटिश पुस्तकातले डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, आणि अमेरिकी पुस्तकातले डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. अमेरिकी लोक मुक्या खांबाला सिंगल क्रोशे म्हणतात, तर ब्रिटिश लोक खांबाला ट्रेबल म्हणतात. ओळखण्याची सोपी खूण अशी, की नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हे नाव कुठेही आले असेल तर तो अमेरिकी समजावा, कारण ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही. सुईच्या बाबतीतही अक्षरांवर किंवा जुन्या क्रमांकांवर न जाता मिलिमीटरवर जावे. आपली आई-आजी वापरत असलेली ‘मुका खांब’ आणि ‘खांब’ ही नावे या गोंधळापासून मुक्त आहेत, तेव्हा नमुना हाती आला की समासात पेन्सिलीने ती लिहून ठेवावीत.

प्रश्न : मागच्या वर्षी शेवटच्या दहा ओळींना लोकर कमी पडली. त्याच रंगाची पुन्हा आणली, पण छटा वेगळी निघाली आणि पांघरुणावर पट्टा दिसतो. किती लोकर लागेल हे आधी कसे काढावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : रंगाचा क्रमांक तोच असला तरी प्रत्येक घाण्याची छटा थोडी निराळी उतरते, म्हणून गुंड्यावरच्या कागदावर रंगाच्या क्रमांकाशेजारी छापलेला लॉट क्रमांकही जुळवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी सगळी लोकर एकदमच घेणे भाग असते.

मापाचा तुकडा इथेही उपयोगी पडतो. तो स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावा. हलक्या तुकड्याचे वजन नीट कळत नसेल तर सोनाराकडे तोलून घ्यावे, कोणी नाही म्हणत नाही. समजा २० बाय २० सेंटीमीटरच्या, म्हणजे ४०० चौरस सेंटीमीटरच्या तुकड्याचे वजन १७ ग्रॅम भरले. साताऱ्याच्या वाचक भगिनींचे पांघरूण काठासकट ९० बाय ११०, म्हणजे ९,९०० चौरस सेंटीमीटरचे आहे. ९,९०० ला ४०० ने भागले की २४.७५ येतात. त्यांना १७ ने गुणले की सुमारे ४२१ ग्रॅम होतात. गाठी, टोके आणि उसवताना वाया जाणारी लोकर यांसाठी दहावा हिस्सा वाढवला की ४६३ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅमचे दहा गुंडे घ्यावे लागतील.

काटा मिळत नसेल तर एक गुंडा आणून पांघरूण सुरू करावे आणि तो किती ओळींना पुरतो ते पाहावे. नऊ ओळींना पुरला तर ६८ ओळींना आठ गुंडे, काठाला एक आणि हाताशी एक, म्हणजे पुन्हा दहाच होतात. उरलेले नऊ गुंडे त्याच आठवड्यात, त्याच लॉटचे आणावेत. आपल्याकडे सध्या जे पांघरूण आहे त्याच्या शेवटच्या दहा ओळी उसवून, त्या वेगळ्या छटेच्या लोकरीचा सर्व बाजूंनी रुंद काठ घालता येईल. उसवून निघालेली लोकरही त्याच काठात वापरली की दोन्ही छटा जाणूनबुजून घेतल्यासारख्या दिसतील.